दोन दप्तरांमधले अंतर : महाराष्ट्रातील ई-प्रशासन आणि आंतर-कार्यालयीन सहकार्य – एक चिकित्सा

शासनव्यवहारातील माहिती तंत्रज्ञानाच्या वापरासंबंधी मराठीत जे लेखन झाले त्याचा भर बहुधा नागरिक आणि कार्यालय यांच्यातील संबंधावर राहिला आहे. दाखला किती दिवसांत मिळाला, रांग किती कमी झाली, खिडकी एक झाली की अनेक राहिल्या, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली. एक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाला काय कळविते, केव्हा कळविते आणि न कळविल्यास जाब कोणाला द्यावा लागतो, हा प्रश्न मात्र मागे पडला. वस्तुतः नागरिकाच्या त्रासाचा मोठा भाग या दुसऱ्या प्रश्नातूनच उद्भवतो. कोणत्याही शासकीय अर्जासोबत जोडावयाच्या कागदपत्रांची यादी पाहावी. त्यातील बहुतेक कागद दुसऱ्या एखाद्या शासकीय कार्यालयानेच दिलेले असतात. शासनाजवळची माहिती शासनालाच नेऊन देण्याचे काम नागरिक करीत असतो आणि त्यासाठी शुल्कही भरीत असतो.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातील जमीन व मालमत्ता यांच्या नोंदी हे क्षेत्र विशेष उपयुक्त आहे. एकाच जमिनीविषयी तलाठी अधिकार अभिलेख ठेवतो, दुय्यम निबंधक तिच्या खरेदी-विक्रीचा दस्त नोंदवितो, भूमी अभिलेख खाते तिचा नकाशा सांभाळते आणि त्या जमिनीवर घर असेल तर ग्रामपंचायत त्या घराची करआकारणी करते. चार दप्तरे, चार नमुने आणि जमीन एकच. संगणकीकरणाने ही चारही दप्तरे बदलली. परंतु ती एकमेकांशी बोलू लागली काय, आणि लागली असल्यास कोणती व का, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संगणकामुळे सहकार्य आपोआप निर्माण होत नाही. कळविण्याचे कर्तव्य कायद्याने आधीच कोणावर तरी सोपविले होते तेथे संगणकाने ते उशिरा का होईना पार पाडावयास लावले; असे कर्तव्य जेथे नव्हते तेथे संगणक आल्यावरही दप्तरे विलगच राहिली. या विलगतेचा सर्वाधिक तोटा स्थानिक स्वराज्य संस्थांना झाला, असे येथील प्रतिपादन आहे.

कायद्याने गृहीत धरलेला टपाली

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे या विषयाचे मर्म ध्यानात येते. कलम १४९ अन्वये जमिनीत हक्क संपादन करणाऱ्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावी लागते. मात्र नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल तर अशी वर्दी देण्यापासून त्या व्यक्तीला सूट आहे. ही सूट का, याचे उत्तर कलम १५४ मध्ये आहे. दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याने त्या व्यवहाराची सूचना संबंधित गावच्या तलाठ्यास व तालुक्याच्या तहसीलदारास पाठवावी, असे ते कलम सांगते. म्हणजे दोन कार्यालयांनी परस्परांशी बोलावे आणि नागरिकाने या भानगडीतून मोकळे राहावे, ही कल्पना विधिमंडळाने १९६६ सालीच मान्य केली होती. संगणकाचा तेव्हा गावपातळीवर मागमूसही नव्हता.

प्रत्यक्षात काय घडत असे हे ग्रामीण भागाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खरेदीखत झाले की खरेदीदार सूची क्रमांक दोनचा उतारा स्वतः मिळवी, तो घेऊन तलाठ्याचे दप्तर गाठी, आणि फेरफार नोंदविला जावा म्हणून खेटे घाली. कायद्याने ज्याला सूट दिली होती तोच व्यवहारात दोन कार्यालयांमधला टपाली झाला. सूचना पाठविण्यास विलंब झाल्याचा भुर्दंड निबंधकाला नव्हता, तलाठ्यालाही नव्हता; तो खरेदीदाराला होता. सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय पीककर्ज नाही, आणि जुने नाव कायम असेल तर तीच जमीन दुसऱ्याला विकली जाण्याची भीतीही होती. जमिनीच्या दिवाणी दाव्यांतील एक ठळक प्रकार या दरम्यानच्या काळातून जन्मतो.

येथे शासकीय मराठीविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शासन निर्णयांत ‘संबंधित विभागांशी समन्वय साधावा’ हे वाक्य वारंवार येते. या वाक्याला कर्ता नसतो. कोणी साधावा, किती दिवसांत साधावा, न साधल्यास काय, यांपैकी काहीच त्यात येत नाही. कलम १५४ ची भाषा याहून वेगळी आहे. तीत कर्ता आहे, कर्म आहे आणि सूचना कोणाला पाठवावयाची त्याचे नावही आहे. पुढे या एका फरकानेच बरेच काही ठरले.

संगणक आला, टपाली राहिला

अधिकार अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. नोंदणी खात्याची ‘सरिता’ ही आज्ञावली २००२ च्या सुमारास आली. खाजगी भागीदारांनी यंत्रसामग्री उभारावयाची आणि दस्ताच्या प्रत्येक पानामागे २० रुपये हाताळणी शुल्कातून ती वसूल करावयाची, अशी तिची रचना होती. दस्त त्याच दिवशी परत मिळू लागला, ही सुधारणा खरी होती व नागरिकांनी तिचे स्वागतही केले. परंतु सरिता कार्यालयापुरती होती. तिची विदा त्या त्या निबंधक कार्यालयातच राहत असे. तलाठ्याच्या सातबाऱ्याची आज्ञावली वेगळी, तिची विदा तहसील कार्यालयात. दोन्ही टोकांना संगणक, आणि मधले अंतर पूर्वीप्रमाणेच पायी तोडावयाचे, अशी स्थिती सुमारे दहा वर्षे राहिली. पूर्वी टपाली हस्तलिखित उतारा नेत असे, आता छापील नेऊ लागला.

अमेरिकी अभ्यासक जेन फाउंटन यांनी ‘बिल्डिंग द व्हर्च्युअल स्टेट’ (२००१) या ग्रंथात बाजारात मिळणारे तंत्रज्ञान आणि संस्थेने प्रत्यक्ष वापरात आणलेले तंत्रज्ञान यांत भेद केला आहे. संस्था तंत्रज्ञानाला आपल्या जुन्या कार्यपद्धतीच्या मापाने कापून घेते, हे त्यांचे निरीक्षण सरिताला तंतोतंत लागू पडते. जाळ्याने जोडता येणारे यंत्र घेऊन त्याचा टंकलेखनयंत्रासारखा उपयोग झाला. शॅरन डॉज यांनी न्यूयॉर्क राज्यातील अधिकाऱ्यांच्या मतांवर आधारलेल्या आपल्या १९९६ च्या अभ्यासात आंतरखाते माहितीवाटपाच्या अडचणी तांत्रिक, संघटनात्मक व राजकीय अशा तीन गटांत मांडल्या होत्या. महाराष्ट्रात चर्चा झाली ती प्रामुख्याने पहिल्या गटाची. सर्व्हर, जोडणी, बँडविड्थ हे विषय पुढे आले, आणि दप्तर कोणाच्या ताब्यात राहावे हा संघटनात्मक व राजकीय प्रश्न अस्पर्श राहिला.

नोंदणीची ‘आय-सरिता’ ही मध्यवर्ती प्रणाली २०१२ पासून आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने ‘ई-फेरफार’ कार्यान्वित झाल्यावर हे अंतर प्रथमच बुजू लागले. दस्त नोंदला गेला की त्याची माहिती तहसीलमार्गे तलाठ्याच्या पटावर येते, फेरफाराची नोंद तयार होते, हितसंबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. विकणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही हे दस्त नोंदविण्यापूर्वी तपासण्याची सोयही झाली. कलम १५४ चा आदेश सुमारे अर्ध्या शतकानंतर अमलात आला.

या यशाचे श्रेय संगणकाला देण्याची घाई अनेक अहवालांत दिसते. ती टाळली पाहिजे. हे यश का मिळाले, याची कारणे पाहिली तर ती बहुतांशी यंत्राबाहेरची आहेत. जमाबंदी आयुक्त व संचालक भूमी अभिलेख आणि नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक ही दोन्ही कार्यालये पुण्यात आहेत. दोन्ही महसूल व वन विभागाखाली येतात. मंत्री एक, मंत्रालयीन विभाग एक. नव्या दोन्ही आज्ञावलींमागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही एकच संस्था आहे. आणि मुख्य म्हणजे, कोणी कोणास कळवावे हे कायद्यात लिहिलेले होते. ज्याला आंतरखाते सहकार्य म्हणून गौरविले जाते ते एकाच घरातील दोन भावांनी मधली भिंत पाडण्यासारखे आहे. शेजाऱ्याच्या घराशी असलेल्या भिंतीबद्दल त्यावरून काही सिद्ध होत नाही.

एका मोजमापाविषयीही शंका घेतली पाहिजे. ई-फेरफाराच्या आढाव्यात प्रलंबित नोंदींचे दिवस मोजले जातात. नोटिशीनंतर हरकतीसाठी असलेला १५ दिवसांचा अवधीही या हिशेबात विलंबासारखाच दिसतो. परंतु हा अवधी कार्यालयाच्या आळसाचा नाही. सहहिस्सेदाराचा, बहिणीचा, कुळाचा तो हक्क आहे. वादग्रस्त नोंद वेगळ्या नोंदवहीत जाते आणि तिच्यावर सुनावणी होते, ती याच अवधीमुळे. वेगाच्या भरात हा अवधी केवळ उपचार उरला, तर जोडणी उत्तम आणि न्याय कमी अशी अवस्था येईल.

नोंद खरी कोणी केली

दोन दप्तरे जोडावयाची तर दोन्हींत एकच गोष्ट लिहिलेली असावी लागते. येथे सर्वांत मोठा अडथळा आला. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातील सातबारा यांत मेळ नव्हता. हिश्श्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना, नावांची अक्षरे बदललेली, इतर हक्कांतील बोजे गळालेले, एकाच खातेदाराची दोन-तीन खाती. नकाशा तर भूमी अभिलेख खात्याकडे. त्यामुळे आकारफोड किंवा कमी-जास्त पत्रकाचा अंमल सातबाऱ्याला दिला गेला आहे की नाही, हा आणखी एक वेगळा प्रश्न. राज्यातील सातबाऱ्यांची संख्या सुमारे अडीच कोटी आहे, हे लक्षात घेता या दुरुस्तीचा आवाका कळतो. तलाठ्यांच्या संघटनांनी लॅपटॉप, इंटरनेट व सर्व्हरची गती यांसाठी आंदोलने केली, ती या कामाच्या ओझ्याखालीच.

या दुरुस्तीतील सर्वांत परिणामकारक उपाय तांत्रिक नव्हता. २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारे गावात लोकांसमोर वाचून दाखविले गेले, ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी चुका सांगितल्या आणि त्यानुसार ‘री-एडिट’ सुविधेतून दुरुस्त्या झाल्या. ज्या समाजात अक्षर वाचणारे थोडे होते त्या काळची ही पद्धत आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला, याची प्रसिद्धी भरपूर झाली. त्या स्वाक्षरीखालचा मजकूर खरा असण्यामागे चावडीवर मोठ्याने झालेले वाचन आहे, याची फारशी दखल घेतली गेली नाही. शासन आणि नागरिक यांच्यातील सहकार्य ज्याला म्हणता येईल असा या सबंध प्रक्रियेतील हा सर्वांत स्पष्ट प्रसंग होता.

या बाबतीत कर्नाटकाची तुलना उद्बोधक ठरते. तेथील ‘भूमी’ प्रकल्पाने २००१ च्या सुमारास हस्तलिखित उतारे रद्द ठरवून तालुक्याच्या केंद्रातील छापील उताराच ग्राह्य मानला. देशभर त्याचे कौतुक झाले. सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यावर कठोर टीका केली. गावातील लेखापालाकडची सत्ता तालुक्याकडे सरकली आणि त्याचा लाभ जमिनीच्या मोठ्या व्यवहारांत असलेल्यांना अधिक झाला, हा त्या टीकेचा गाभा. ही टीका सर्वस्वी मान्य केली नाही तरी तीतील प्रश्न टाळता येत नाही. नोंद मध्यवर्ती झाली म्हणजे तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाकडे जातो? महाराष्ट्रात फेरफार लिहिणारा तलाठीच राहिला, ही जमेची बाजू. मात्र चावडीवाचन ही एक मोहीम होती, ती संपली.

ग्रामपंचायत : भागीदार की ग्राहक

महसूल खात्याच्या भिंतीपलीकडे ग्रामपंचायत आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक स्थान दिले. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. गावठाणातील घरांची करआकारणी नोंदवही, म्हणजे नमुना आठ, ती ठेवते. ही नोंद कराची आहे, मालकीची नव्हे. तरीही लोकसंख्या दोन हजारांपेक्षा कमी असल्यामुळे ज्या गावांच्या गावठाणाचे नगर भूमापन झाले नाही, तेथे घरासंबंधी दाखविण्याजोगा दुसरा कागदच नव्हता. घराचा मालक कोण, याला नमुना आठचा उतारा हेच व्यवहारात उत्तर ठरले, आणि बँकेने तो नाकारला की हे उत्तर किती तोकडे आहे ते कळून येई.

ही दोन दप्तरे, तलाठ्याचे आणि ग्रामसेवकाचे, बहुतेक गावांत हाकेच्या अंतरावर असतात. पण एक महसूल खात्याचे, दुसरे ग्रामविकास खात्याचे. तलाठ्याच्या सजाची हद्द आणि ग्रामपंचायतीची हद्द एकच असेल असेही नाही. एका सजात अनेक गावे, एका गट ग्रामपंचायतीत अनेक वाड्या, अशी गुंतागुंत नेहमीची आहे. कलम १५४ च्या मूळ रचनेत सूचना तलाठी व तहसीलदार यांना जाते. ग्रामपंचायतीचे नाव तीत नाही. जेथे कायद्याने कर्तव्य नेमले नाही तेथे संगणकाने काय केले, हे पाहावयाचे असेल तर ‘संग्राम’ प्रकल्पाकडे वळावे लागते.

संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, अर्थात संग्राम, हा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला आणि २०१५ अखेर संपला. ग्रामपंचायतीत संगणक, संगणक परिचालक, नमुना १ ते ३३ च्या नोंदी, नागरिकांना दाखले, आणि केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाच्या प्रियासॉफ्ट, प्लॅनप्लस या आज्ञावलींत माहिती भरणे, अशी त्याची व्याप्ती होती. त्यानंतर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने तीच व्यवस्था नव्या संस्थेकडे सोपविण्यात आली. खर्च वित्त आयोगाच्या निधीतून करावयाचा होता. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात एका केंद्रामागे दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये, असा हिशेब होता. त्यांतील साधारण निम्मीच रक्कम परिचालकाच्या मानधनाची होती. परिचालकांची मानधनासाठीची आंदोलने राज्याने वारंवार पाहिली.

येथे रकमेपेक्षा रचना महत्त्वाची आहे. चौदाव्या आयोगाचा निधी ग्रामपंचायतींना थेट देण्यामागे त्यांनी गावाच्या गरजेनुसार नियोजन करावे ही भूमिका होती. त्याच निधीतून आज्ञावली, कंत्राटदार आणि दर हे तिन्ही वरून ठरलेल्या सेवेचे पैसे वळते झाले. आज्ञावली कोणती असावी, नमुन्यांत काय असावे, परिचालक कोणी नेमावा, याविषयी ग्रामपंचायतीचे मत निर्णायक नव्हते. तिने माहिती भरावयाची, वर पाठवावयाची आणि बिल द्यावयाचे. भागीदाराची ही भूमिका नव्हे. ग्राहकाचीही नव्हे, कारण ग्राहकाला दुकान बदलता येते.

असे म्हटले जाईल की लहान ग्रामपंचायतींकडे स्वतःची प्रणाली उभारण्याची ऐपत नसते, एकसारखेपणा हवा असेल तर निर्णय वरच घ्यावा लागतो. यात तथ्य आहे. अठ्ठावीस हजार आज्ञावली कोणालाच नको आहेत. परंतु एकसारखेपणा हवा तो ज्या नोंदी दुसऱ्या दप्तराशी जोडावयाच्या आहेत त्यांत, आणि नेमकी तीच जोडणी संग्रामच्या वर सांगितलेल्या कार्यसूचीत नव्हती. नमुना आठ संगणकात गेला, आणि तलाठ्याच्या सातबाऱ्याशी किंवा निबंधकाच्या दस्ताशी त्याचे नाते जसे होते तसेच राहिले. केंद्राकडे अहवाल जाण्याची वाट तयार झाली. शेजारच्या खोलीत जाण्याची झाली नाही.

स्थानिक संस्थेकडून वर जाणारा प्रवाह अशक्य नाही, हे शहरी भागातील एका जुन्या उदाहरणावरून दिसते. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने १९९९ पासून स्वतःच्या गरजेतून ई-प्रशासनाचे काम हाती घेतले. विविध खात्यांच्या नोंदी एका विदासंचावर आणून २००२ मध्ये नागरी सुविधा केंद्र सुरू केले. अर्ज खिडकीवर द्यावा आणि आतला प्रवास महापालिकेने करावा, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात उतरले. पुढे राज्याने हा नमुना इतर नागरी संस्थांपर्यंत नेला, आणि डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात ई-प्रशासन ही नागरी संस्थांसाठी अनिवार्य सुधारणा ठरली. तथापि कल्याण-डोंबिवलीचे यशही एका छताखालचे होते. आयुक्त एक, आस्थापना एक. मिळकत पत्रिका ठेवणारे नगर भूमापन कार्यालय त्या छताबाहेर होते. वारणेच्या खोऱ्यातील सुमारे ७० गावांत १९९८ पासून उभ्या राहिलेल्या संगणक केंद्रांविषयीही असेच म्हणता येईल. तेथील संगणक प्रत्यक्षात वापरला गेला तो ऊस, वजन आणि बिल यांसाठी, म्हणजे जी संस्था तेथे आधीपासून एकसंध होती तिच्या कामासाठी.

दोन छतांमध्ये सहकार्य झाले असे ठळक उदाहरण गावठाण मोजणीचे आहे. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग केला होता. या कामात ग्रामपंचायतीला दुय्यम ठेवून चालतच नाही. ड्रोन उडण्यापूर्वी घरांच्या हद्दी चुन्याने आखाव्या लागतात, आणि कोणते घर कोणाचे, बोळ कोणाचा, ओटा कोणाचा, हे ग्रामसेवक व गावकरी यांच्यावाचून आकाशातून कळत नाही. ग्रामसभेत माहिती द्यावी लागते. नमुना आठ आणि नकाशा येथे प्रथमच एकमेकांसमोर ठेवले गेले. या सहकार्याचा परिणाम म्हणून मिळकत पत्रिका तयार होते व ती भूमी अभिलेख खात्याकडे राहते. ग्रामपंचायतीच्या हाती नकाशा आणि करआकारणी अद्ययावत करण्याची संधी येते.

या व्यवस्थेची कसोटी पहिल्या मोजणीत लागणार नाही, पुढच्या व्यवहारात लागेल. मिळकत पत्रिका असलेले घर विकले जाईल, वारसांत वाटले जाईल, त्यावर मजला चढेल. त्या वेळी एका दप्तरातील बदल दुसऱ्याला कळविण्याचे कर्तव्य कोणाचे, हे नियमात नाव घेऊन लिहिलेले नसेल तर दहा वर्षांत पत्रिका आणि नमुना आठ पुन्हा दोन वेगवेगळी घरे दाखवू लागतील. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याबाबत पुरेसा नाही. तो पदनिर्देशित अधिकाऱ्याला नागरिकाप्रति मुदतीने बांधतो, आणि हे मोठेच पाऊल आहे. पण त्याची रचना अर्जदार आणि कार्यालय अशी आहे. एका कार्यालयाने दुसऱ्याला माहिती देण्यास लावलेला वेळ त्यात नागरिकाने आणावयाच्या कागदाच्या रूपाने दडून राहतो.

२०२४ मध्ये तलाठी या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे ग्रामपंचायत अधिकारी या नावाखाली एकत्र झाली. गावाला आता दोन ‘अधिकारी’ आहेत. खाती पूर्वीचीच दोन. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेचा संकेतांक छापण्यास सुरुवात झाली. ही निर्देशिका केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाची आहे, आणि कोणते महसुली गाव कोणत्या ग्रामपंचायतीत येते हे तीत नोंदलेले असते. म्हणजे सातबारा आणि नमुना आठ यांना जोडणारी तांत्रिक किल्ली प्रत्येक उताऱ्याच्या माथ्यावर छापलेली आहे. ग्रामपंचायतीला फेरफाराची सूचना कोणी द्यावी, हे सांगणारे कलम १५४ सारखे वाक्य मात्र अजून लिहावयाचे आहे, आणि ते लिहिण्यासाठी महसूल व ग्रामविकास या दोन विभागांना आधी एकत्र बसावे लागेल.